मागच्या मोकळ्या जागेत पॅटिओ करायलोय. खरंच बसून जेवता येईल असा कसा करू?

कळंबेकर:
कोल्हापुरात कळंबा रोडला घर बांधायलोय, स्लॅब पडला. स्वयंपाकघराच्या मागं पूर्वेला 12 बाय 18 फूट जागा राहते. आर्किटेक्टनं थ्रीडी चित्र दाखवलं: लाकडी डेक, वर परगोला (उघड्या पट्ट्यांचा मांडव), चकचकीत करडी टाइल, गादीवाला सोफा. बायको खूष. आई म्हणाली, "सोफ्यावर मांजरं झोपतील." आम्हाला पाहिजे एवढंच: रात्रीचं जेवण बाहेर व्हावं, रविवारी पाहुणे आले की आठ-दहा पानं बसावीत, आणि आईला मटणाला चूल. गॅसवरचा तांबडा तिला रस्साच वाटत नाही. ज्यांनी केलंय त्यांनी सांगा. भाऊ तर वर काच टाक म्हणायलाय.

गवंड्याचा पोरगा:
दादा, ते चित्र भिंतीला लाव. मी साइटवरच वाढलोय, सरळ सांगतो. पॅटिओ खालनं सुरू होतो, आणि इथं त्याची परीक्षा जुलैत असते.

खाली काळी माती असली तर फूट-दीड फूट काढून टाक. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, मग फरशी ढिली होऊन पायाखाली वाजायला लागते. मुरूम भर, पाणी मार, धुम्मस करून (ठोकून) घट्ट कर, वर पीसीसी म्हणजे साधं काँक्रीट, मग फरशी. कंत्राटदार "मुरूम आपोआप बसतोय की" म्हणेल. बसतोय, पण तुझी फरशी घेऊन.

पातळी स्वयंपाकघरापेक्षा एक पायरी खाली ठेव. ताट घेऊन उतरायला नको म्हणून लोक सपाट करून घेतात आणि पावसाळ्यात उंबऱ्याला फडकी लावून बसतात. ढाळ घराकडनं कंपाउंडकडं, दहा फुटाला दीड इंच. टेबलाला तो कळत नाही, पाण्याला कळतो. कडेला जाळीची नाली पाहिजेच.

चकचकीत टाइल नकोच, ओल्यात घसरून कुणाचं तरी कंबरडं मोडेल. कडप्पा काळा, एप्रिलात पाय भाजतात आणि जेवणाच्या वेळेलासुद्धा खालनं धग मारतो. खडबडीत शहाबादी घे, नाहीतर लेदर फिनिशचा, म्हणजे चामड्यासारखा खरखरीत, कोटा. दोन्ही चुनखडीचे दगड, त्यामुळं लिंबू किंवा सोलकढी सांडली तर लगेच पूस आणि धुवायला अ‍ॅसिड कधीच वापरू नको. रश्श्याचा कट दगडात मुरतो, म्हणून आधी सीलर मारून घे. डेकचं लाकूड चार महिने ओलं राहणार, वर वाळवी आहेच.

पूर्वेची जागा मिळाली हे तुझं नशीब. दुपारनंतर घराचीच सावली पडते. पश्चिमेला असता तर मे महिन्यात संध्याकाळचं तिरकं ऊन परगोल्याखालनं थेट ताटात आलं असतं.

सुगरण, नागाळा पार्क:
वरच्या भाऊंचं खरं आहे, पण जेवायचं कसं ते बाईमाणसाला विचारा. स्वयंपाकघराच्या खिडकीला बाहेरून दगडी फळी बसवून घ्या, भाकरी-रस्सा तिथूनच हातोहात जातो. आमच्याकडे ही फळी झाली आणि मगच बाहेरचं जेवण सुरू झालं. त्याआधी टेबलावर कपडे वाळायचे.

दिवा टेबलाच्या डोक्यावर लावू नका. पहिल्या पावसानंतर पंखवाले किडे येतात ते थेट वाटीत पडतात. पिवळा दिवा लांब कंपाउंडच्या भिंतीवर लावा. डासांना उदबत्तीपेक्षा पंखा बरा. वाऱ्यात त्यांना नीट उडता येत नाही, म्हणून पंख्याचा झोत टेबलाखाली पायांवर येऊ दे. कुंड्यांच्या ताटल्यांतलं पाणी आठवड्याला ओता, डेंग्यूचा डास तसल्या स्वच्छ पाण्यातच वाढतो. आणि शेवगा जवळ नको हो, केसाळ अळ्या पडतात.

उद्यमनगरी:
सोफा कशाला? फाउंड्रीच्या गावात राहतोस. बिडाचे पाय आणि वर शहाबादी, असं टेबल करून घे. वळवाच्या वाऱ्यात मोठी छत्री उडून शेजारी जाईल, ते टेबल हलणार नाही. बाक साधे लोखंडी, पण झिंकचा थर देऊन मग रंग.

कळंबेकर:
लई आभार सगळ्यांचे. सोफा रद्द, आई जिंकली. आता वर काय? काच, पॉलिकार्बोनेट (प्लॅस्टिकचा पत्रा) का कौलं? आणि चूल कुठं?

गवंड्याचा पोरगा:
काचेखाली मे महिन्यात बसून दाखव म्हणावं भावाला. पारदर्शक पॉलिकार्बोनेटचीही तीच गत, शिवाय पाऊस पडला की समोरच्याचं ऐकू येत नाही. घराला लागून आठ फूट मंगलोरी कौलांचा सोपा काढ, उतार भरपूर दे, नाहीतर जोराच्या पावसात पाणी कौलाखाली शिरतं. टेबल त्याखाली. पुढची जागा उघडीच ठेव, हिवाळ्यात सकाळी ऊन खायला. परगोला पाहिजेच असेल तर त्या उघड्या भागावर कर आणि मधुमालती चढव, पण पावसाला तो काही अडवत नाही हे बायकोला आधी सांग. सामासिक अंतरात (घर आणि कंपाउंडमध्ये सोडायच्या जागेत) छप्पर येत असेल तर परवानगीचं आधी विचारून घे. नंतर पाडायला लागलं की कौलांपेक्षा बोलणी महाग पडतात.

सुगरण, नागाळा पार्क:
चूल ईशान्येच्या कोपऱ्यात. इकडं उन्हाळ्या-पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून असतो, धूर टेबलावर येणार नाही. पण पलीकडे कोण राहतं ते आधी बघा. त्यांची कपड्यांची दोरी तिथंच असली तर मटणाचं एक पातेलं दर रविवारी भिंतीवरून द्यावं लागेल.

कळंबेकर:
पलीकडे माळकरी आहेत.

सुगरण, नागाळा पार्क:
मग चुलीवर धुराडं बांधा, कौलांच्या वर दोन फूट तरी.