मदत हवी आहे: एकच ग्रनाश, शेजारची गावं, चव इतकी वेगळी का?

तुलिका_म: शनिवारी वाइनची परीक्षा आहे, पटकन सांगा. दक्षिण फ्रान्सातल्या रुसियोंच्या दोन बाटल्या उघडल्या, दोन्हींत मुख्य द्राक्ष ग्रनाश. एक जड, काळसर, जांभळाच्या मुरांब्यासारखी. दुसरी हलकी, लालबुंद. ऊन तेच, हवा तीच. मग माती चवीत उतरते ना? नेमकं कारण हवंय.

बांधावरचा: गावं कोणती? साल?

तुलिका_म: मॉरी आणि लेस्केर्द. दोन्ही 2019.

ओझरकर: नाशिकला आमच्या मुरमाड तुकड्यात मणी बारीक आणि गोड, काळ्या जमिनीत वेल नुसता माजतो. त्यांना ठिबक लावायला सांगा.

बांधावरचा: ठिबकचं कुणी विचारलंय? अपेलासिओंच्या, म्हणजे गावाचं किंवा प्रदेशाचं अधिकृत नाव लावणाऱ्या वाइनच्या, बागांना पाणी द्यायला तिथे नियम आड येतात. पण मुरमाचं खरं आहे. मॉरीत काळा शिस्ट. पाटीसारखा दगड, बोटांनी दाबला तरी पापुद्रे सुटतात. त्या फटींतून मुळं ओल शोधत खाली जातात, वरचा दगड तापत राहतो. लेस्केर्दला ग्रॅनाइटची भुसभुशीत रेती, शिवाय गाव जास्त उंचावर. म्हणजे हवासुद्धा तीच नाही. दगड चवीला लागत नाही गं. तो वेलीला पाणी किती देतो, ऊब किती देतो, ते लागतं.

पश्चिमवारा: सगळे मातीतच अडकलात. त्रामोंतान कुठे गेला? वायव्येचा हा कोरडा वारा पावसानंतर पानं झटकन सुकवतो, डावणी कमी येते. वाऱ्यात टिकाव लागावा म्हणूनच तिथल्या जुन्या वेली बुटक्या, प्याल्याच्या आकारात छाटलेल्या.

बांधावरचा: वारा दोन्ही गावांना आहे. फरक त्याने पडत नाही.

पश्चिमवारा: आडोशाने पडतो. उतार बघा आधी.

सुगरण_ठाणे: मॉरीबरोबर डार्क चॉकलेट घ्या, गोड वाइनला फार छान लागतं.

बांधावरचा: थांबा. तुलिका, मॉरी गोड आहे का? लेबलवर काय लिहिलंय?

तुलिका_म: व्हँ दू नात्युरेल. गोड आहेच, उन्हाने साखर चढली असेल म्हणून वेगळं लिहिलं नाही.

बांधावरचा: हेच आधी हवं होतं! रस आंबत असताना त्यात मद्यार्क घालून यीस्ट थांबवतात, म्हणून साखर उरते. तो मुरांबा मातीचा नाही. कोरडी, म्हणजे गोड नसलेली, मॉरी आण, 2011 च्या हंगामापासून तिलाही अपेलासिओं आहे. ती लेस्केर्दशेजारी ठेव, मग माती बोलेल.

तुलिका_म: कोरडी मिळाली, पण 2020 ची. चालेल?

ओझरकर: नाही. साल बदललं की पाऊस बदलला.