थंडीत चालण्याचा व्यायाम दरवर्षी सुटतो. वेळ बदलावी की व्यायामच बदलावा?

निफाडकर

नमस्कार. माझे वय ५४ असून मी निफाड तालुक्यातील एका गावात राहतो. कारकुनीचे काम असल्याने दिवसाचे सात-आठ तास खुर्चीत जातात, म्हणून पहाटे पाच वाजता पाटाच्या कडेने चार किलोमीटर चालण्याचा नेम मी चार वर्षांपासून ठेवला आहे. मात्र हा नेम मार्गशीर्ष लागला की मोडतो आणि संक्रांत उलटल्यावरही लवकर रुळावर येत नाही. आमच्याकडची थंडी आपण बातम्यांतून ऐकत असालच. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर पारा दहाच्या खाली जाणे येथे नवलाचे नाही, आणि तो चार-पाच अंशांवर उतरतो तेव्हा द्राक्षमण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून बागाईतदार पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात.

गेल्या हिवाळ्यात माझे वजन चार किलोंनी वाढले. सकाळी अंथरुणातून उठताना उजवा गुडघा इतका आखडलेला असतो की पहिली दहा पावले भिंतीचा आधार घ्यावा लागतो. रक्तदाबाची एक गोळी रोज चालू आहे. घरचे म्हणतात की थंडीत विश्रांती घ्यावी, तर शेजारचे एक गृहस्थ म्हणतात की थंडीतच अंग कमवावे. पहाटेचे चालणे तसेच रेटावे, की घरात दुसरे काही करावे? डिंकाचे लाडू खावेत की टाळावेत, हेही जाणकारांनी कृपया सांगावे.

गोदाकाठ

मी नाशिकमध्ये अठरा वर्षे फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करीत आहे. डिसेंबर-जानेवारीत माझ्याकडे येणाऱ्या गुडघेदुखीच्या रुग्णांपैकी अनेकांची हकिगत आपल्यासारखीच असते, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

सर्वप्रथम पहाटे पाचची वेळ सोडावी, ही माझी आग्रहाची विनंती आहे. थंडी लागली की शरीर आतील उष्णता राखण्यासाठी त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या आकुंचित करते, त्यामुळे रक्तदाब वाढतो आणि हृदयाला अधिक जोर लावावा लागतो. पहाटे जाग येण्याच्या सुमारास रक्तदाब तसाही चढत असतो. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडत असताना उबदार अंथरुणातून उठून थेट सहा अंशांच्या हवेत झपाझप चालू लागणे, तेही रक्तदाबाची गोळी चालू असलेल्या माणसाने, मला मुळीच मान्य नाही. आपल्या भागात जानेवारीच्या सुरुवातीला सूर्य सात वाजून दहा मिनिटांच्या आसपास उगवतो. आपण साडेसातनंतर, ऊन अंगावर येऊ लागल्यावर निघावे. कामामुळे ते जमत नसेल तर सायंकाळी पाच ते सहा ही वेळ उत्तम. घरी रक्तदाब मोजण्याचे यंत्र असेल तर एक आठवडा सकाळ-संध्याकाळचे आकडे वहीत लिहून आपल्या डॉक्टरांना दाखवावेत, कारण थंडीत अनेकांच्या गोळीचे प्रमाण पुन्हा पाहावे लागते. तो निर्णय मात्र त्यांचाच.

आता गुडघ्याविषयी. रात्रभर हालचाल नसल्याने सांधा आखडतो आणि गारठ्यामुळे भोवतालचे स्नायूही ताठ होतात, म्हणून उठण्यापूर्वी अंथरुणातच दहा मिनिटे द्यावीत. पाय सरळ ठेवून गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा, मांडीचा स्नायू आवळून ती गुंडाळी खाली दाबा, पाच अंक मोजेपर्यंत धरा आणि सोडा. असे दहा वेळा करावे. त्यानंतर टाच गादीवरून सरकवत गुडघा सावकाश वाकवावा व सरळ करावा. उठल्यावर घरातच पाच-सात मिनिटे जागच्या जागी पावले टाकून अंगात ऊब आली, की मग बाहेर पडावे. माझ्या अनुभवात गुडघा दुखावण्याचे प्रसंग चालण्यापेक्षा ही तयारी टाळल्यामुळे अधिक येतात.

मांड्यांची ताकद वाढवण्यासाठी एक साधा व्यायाम पुरेसा आहे. हात न टेकता खुर्चीतून उठावे आणि धपकन न बसता सावकाश परत बसावे. सुरुवातीला आठ वेळा, दिवसातून दोनदा. आठवड्यातून किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम आणि किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम, अशी जागतिक आरोग्य संघटनेची प्रौढांसाठी शिफारस आहे. तीत हिवाळ्याची सवलत नाही, पण ही मिनिटे कोठे आणि कशी भरावीत याची मोकळीक आहे.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. चालताना छातीवर दाब आला, तो डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे सरकला, दरदरून घाम फुटला किंवा नेहमीच्या अंतरातच धाप लागली, तर ‘थंडीने छाती भरली’ किंवा ‘गॅस झाला’ असे म्हणून घरी पडून राहू नये. तत्काळ रुग्णालय गाठावे.

तालीम

मी शाळेतून क्रीडाशिक्षक म्हणून निवृत्त झालो आहे. आपल्या शेजारच्या गृहस्थांचे म्हणणे निम्मे बरोबर आहे. हेमंत आणि शिशिरात भूक चांगली लागते आणि अंग श्रम सोसते, म्हणून आपल्याकडे तालमीचा हंगाम थंडीचाच मानला गेला. मात्र आयुर्वेदातही बलवान व स्निग्ध आहार घेणाऱ्या माणसाला थंडीत अर्ध्या शक्तीनेच व्यायाम करण्यास सांगितले आहे, हे पुष्कळ जण विसरतात. कपाळावर घाम आणि तोंडाला कोरड आली की थांबावे, हे तालमीतले जुने माप आजही उपयोगी पडते.

ज्या दिवशी धुके असेल त्या दिवशी घरात सूर्यनमस्कार घालावेत. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी त्यांचा प्रसार शाळाशाळांतून केला आणि स्वतःही नेमाने घातले. माझ्या वडिलांची पिढी त्याच संस्कारात वाढली. या व्यायामाला एका सतरंजीएवढी जागा लागते आणि खांद्यापासून पोटरीपर्यंत सगळे अंग त्यात हलते, म्हणून ज्याचे घराबाहेर पडणे अडले आहे त्याच्यासाठी याहून सोयीचे काही मला माहीत नाही. आमच्या शाळेत थंडी सुरू होताच मुले सरावाला लागत आणि रथसप्तमीला मैदानावर सामुदायिक नमस्कार होत.

लाडवाविषयी सांगायचे तर, एका ग्रॅम तुपात ९ कॅलरी असतात आणि ७० किलो वजनाच्या माणसाने अर्धा तास झपाझप चालल्यावर सुमारे सव्वाशे ते दीडशे कॅलरी खर्च होतात. तूप, गूळ, खोबरे आणि खारीक एकत्र आल्यावर मोठा लाडू ती सगळी चाल सहज भरून काढतो. म्हणून लिंबाएवढा एक लाडू न्याहारीच्या वेळी खावा, न्याहारीनंतर वरून नव्हे. बाजरीची भाकरी आणि पालेभाजी मात्र पोटभर खावी.

उन्हाळी

निफाडकर दादा, मला दमा आहे, म्हणून हवेविषयी दोन शब्द लिहिते. थंडीत पहाटे जमिनीलगतची हवा गार व जड असते आणि वरचा थर तुलनेने उबदार असतो, त्यामुळे चुलीचा, शेकोटीचा आणि वाहनांचा धूर वर न जाता खालीच कोंडून राहतो. ज्याला आपण मोकळी हवा समजून छातीत भरून घेतो, तिच्यात हा धूर मिसळलेला असतो. मी सायंकाळी चालते, नाकातोंडावर सुती ओढणीचे दोन पदर घेते आणि श्वास नाकानेच घेते, कारण कोरडी गार हवा तोंडावाटे थेट आत गेली की माझ्या श्वासनलिका आवळतात. तहान लागत नसली तरी पाणी ठरवून प्यावे; मी कोमट पाण्याची बाटली सोबत ठेवते.

कॅल्गरीहून

आमच्याकडे कॅनडात जानेवारीत पारा उणे वीस अंशांपर्यंतही उतरतो आणि पायवाटांवर बर्फ असतो. येथे शहराच्या मध्यभागी इमारतींना जोडणारे, रस्त्यापासून सुमारे १५ फूट उंचीवरचे बंदिस्त मार्ग आहेत. मी दुपारच्या सुट्टीत तेथेच चालतो. आपल्या उपयोगाची एकच गोष्ट सांगतो. एका जाड स्वेटरपेक्षा दोन-तीन पातळ कपडे घालावेत, अंग तापले की वरचा काढावा आणि घामाने भिजलेला सुती बनियन घरी येताच बदलावा, कारण चालणे थांबल्यावर गारठा त्या ओलाव्यातूनच शिरतो.

निफाडकर

सर्वांचे मनापासून आभार. रविवारी प्रथमच पावणेआठ वाजता निघालो. त्याआधी टॉवेलच्या गुंडाळीचा व्यायाम केला होता आणि भिंतीला हात न लावता अंगणापर्यंत गेलो. रक्तदाब चार दिवस मोजला. सकाळचा वरचा आकडा सायंकाळपेक्षा दहा-बाराने अधिक येत आहे, म्हणून शुक्रवारी डॉक्टरांकडे वही घेऊन जाणार आहे. तालीम सर, नमस्कारांत गुडघे जमिनीला टेकतात तेव्हा उजवीकडे कळ येते. अशा वेळी काय करावे?

तालीम

सतरंजीवर घोंगडीची चौपदरी घडी घालून गुडघे तिच्यावर टेकवावेत. पाय मागे नेताना उडी न मारता एकेक पाय सावकाश न्यावा, पुढे वाकताना गुडघे किंचित सैल ठेवावेत आणि श्वास कोठेही रोखून धरू नये. रक्तदाब असलेल्यांनी श्वास रोखणे कटाक्षाने टाळावे. पहिला आठवडा रोज तीनच घालावेत, तेही शुक्रवारी डॉक्टरांनी होकार दिल्यानंतर. घडी घालूनही कळ तशीच राहिली, तर नमस्कार थांबवून गोदाकाठ यांनी सांगितलेला खुर्चीचा व्यायामच महिनाभर करावा आणि मग पुन्हा पाहावे.