अळूच्या कुणग्याचा बांध किती जुना, ते कळेल का?

देवगडकरीण: घरामागच्या वहाळातून पाट आणलाय, त्यावर तीन कुणग्यांत, म्हणजे बांध घातलेल्या छोट्या शेतांत, अळू होतं. कुणग्यांचा बांध नुसता दगडावर दगड रचलेला, चुन्याचा मागमूस नाही. आजी सांगायची, तिच्या सासूलाही तो कोणी घातला ठाऊक नव्हतं. मोठे काका आता तो काढून सिमेंटचा घालणार. पॉलिनेशियन लोकांनी होड्यांतून अळकुड्या हवाईत नेल्या आणि अशाच पाटाच्या पाण्यावर लावल्या, हे वाचल्यापासून माझा जीव त्या बांधात अडकलाय. तिथे नाणं नाही, शिलालेख नाही. मग शेताचं वय काढतात कसं?

जुनी माती: ताई, दगड कधी रचला ते हवं, म्हणून तळच्या दगडाखालचा कोळसा रेडिओकार्बनने, म्हणजे त्यात उरलेल्या किरणोत्सारी कार्बनवरून, तपासतात. बांध त्या कोळशानंतरचा. मात्र कोळसा कशाचा, ते आधी बघायचं. जुनाट झाडाचा गाभा जळला असेल तर तारीख शेकडो वर्षं मागे पडते. ओआहू बेटावरच्या वायमानालोच्या वाळूतल्या वस्तीवरून माणसं इ.स. ३००-५०० च्या सुमारास आली असं पूर्वी मानत. बारीक काटक्या, बिया निवडून तपासल्यावर हवाईतली पहिली वस्ती १०००-१२०० च्या आसपास आली. स्वतः खणू नका, थर विस्कटले की संपलं.

खाडीकाठचा: एकटा बांध बघून भागणार नाही. हवाईत डोंगरापासून समुद्रापर्यंतच्या पट्ट्याला आहुपुआआ म्हणतात. वर रान, मधे अळूची शेतं, म्हणजे लोई. आपण पानांचं फतफतं करतो, ते अळकुडी उकडून कुटून पोई करतात. पाटाचं पाणी शेतांतून फिरून पुन्हा ओढ्यात. किनाऱ्याला दगडी बांधाची माशांची तळी, त्यांना लाकडी पट्ट्यांचं दार: पिल्लं आत येतात, वाढलेला मासा बाहेर जात नाही. आपल्या खाजणाची उघाडी, खाडीच्या बांधातलं पाण्याचं दार, आठवा! तुम्हीही सड्यापासून, म्हणजे वरच्या कातळाच्या पठारापासून, खाडीपर्यंत वहाळाकाठाने चाला, दिसेल त्या गडग्याचा, रचलेल्या दगडी बांधाचा, फोटो काढा, नकाशावर खूण करा.

देवगडकरीण: काल काकांना घेऊनच चालले. पाटाच्या तोंडाशी, पाण्याखालच्या पहिल्या थरात, एका काळ्या गोट्यावर कालवाचं कवच घट्ट चिकटलेलं. खाडी तिथून तीन किलोमीटर! म्हणजे कोणीतरी तो डोक्यावरून वर आणला. काका बराच वेळ त्यावर अंगठा फिरवत बसले. सिमेंटच्या गोणी पडवीत आहेत, अजून फोडलेल्या नाहीत.

जुनी माती: ते कवच खरवडू नका. दगड जागेवरच राहू दे, बाजूला फूटपट्टी ठेवून फोटो काढा आणि जवळच्या पुरातत्त्व विभागाला कळवा.