बॅच लावून चहाला गेलेल्यांनी इथे यावे

घाटावरचा फोटोवाला
काल भाचीनं साखरपुड्याचे सगळे फोटो मोबाइलवरच एका फटक्यात उजळवून ग्रुपवर टाकले, आणि मला आमचा कराडचा स्टुडिओ आठवला. 2006-07 चा सुमार. लग्नसराईत रात्री कॅमेऱ्याची कार्डं रिकामी करायची, फोटोशॉपात एका फोटोवरच्या कामांची 'ॲक्शन' रेकॉर्ड करायची (लेव्हल्स म्हणजे उजेड-अंधार, ऑटो कलर, जरासं शार्पन, कोपऱ्यात स्टुडिओचं नाव), मग फाइल, ऑटोमेट, बॅच (म्हणजे तीच कामं सगळ्या फोटोंवर आपोआप), फोल्डर दाखवायचं आणि समोरच्या गाड्यावर चहाला पळायचं. परत येईस्तोवर स्क्रीनवर नवरा-नवरी फटाफट उघडत-मिटत असायचे.

मालकांचा दंडक एकच, हळदीचं फोल्डर वेगळं. ॲक्शनमध्ये ऑटो कलर असायचं ना. त्याला वाटणार फोटोवर पिवळी झाक चढलीय, ती उतरवायला हवी. मग हळद फिकुटलेली आणि मागची पांढरी भिंत निळसर. एका दुकानातून असे प्रूफ गेले तेव्हा नवरीच्या आईनं विचारलं म्हणे, "पोरीला काविळीचं औषध दिलंत का काय?"

अजून एक, नवीन पोरांसाठी. रेकॉर्ड करायच्या आधी रूलरचं माप टक्क्यांवर घ्या. पिक्सेलवर असला की आडव्या फोटोत कोपऱ्यात बसलेलं नाव उभ्या फोटोत पार बाहेर जातं.

येऊ द्या तुमचेही बॅचचे किस्से.

ठेचा_भाकरी
ओव्हरराइड ॲक्शन 'सेव्ह ॲज' कमांड्स!!! बॅचच्या खिडकीतली ती टिक. आमच्याकडच्या पोऱ्यानं ती मारली नाही, डेस्टिनेशन फोल्डरही दिलं नाही. ॲक्शनमध्ये जे नाव टाइप केलेलं त्याच नावावर एकामागून एक सगळे सेव्ह. अख्ख्या बारशाची शेवटी एक फाइल, त्यात बाळाचे काका जिलेबी खाताना. ओरिजिनल वेगळ्या फोल्डरला होते म्हणून वाचला.

बी_दाबा
एवढा खटाटोप कशाला. इरफानव्ह्यू उघडा, कीबोर्डवर बी दाबा (बॅचची खिडकी येते), ॲडव्हान्स्डमध्ये जाऊन 'लाँग साइड' ला आकडा टाका. आडवा-उभा प्रश्नच मिटला. बोस्नियाचा इरफान श्किल्यान, व्हिएन्नात शिकायला होता, त्यानं 1996 मध्ये काढलेलं सॉफ्टवेअर. घरी वापरायला आजही फुकट. कॉम्प्युटर कितीही म्हातारा असू दे, पळतं.

ठेचा_भाकरी
त्यात अल्बमच्या शीट होतात का पण?

बी_दाबा
नाही. चहाला जायला वेळ मिळतो 😄

गुरुजी_ऑनलाइन
मधली सुट्टी आहे, पटकन लिहितो. ओळखपत्रांचे फोटो. फोटोवाल्यानं हजेरीच्या क्रमानं काढले आणि बॅच रिनेमनं 1, 2, 3 नावं दिली. मध्ये एक पोरगा गैरहजर. त्याच्यापुढच्या प्रत्येकाच्या कार्डावर पुढच्याचं तोंड. मुलींच्या यादीत एक मिशीवाला दहावीतला!! आता गैरहजर असला तर त्याच्या जागी पाटीवर नंबर लिहून पाटीचाच फोटो काढतो. आणि नावं 001 पासून. नाहीतर काही ठिकाणी 1 नंतर 10 येतो, 2 पार मागे. घंटा झाली.

फॉर्मवाली_मावशी
आमच्या कॅफेत बँकेच्या परीक्षांचे फॉर्म. आयबीपीएसचा फोटो 200 बाय 230 पिक्सेल, 20 ते 50 केबी. सही 140 बाय 60, 10 ते 20 केबी. फोटोंची बॅच लावता येते, सह्यांची नाही. एक जण बोटभर सही करतो, एक कागदभर. आणि कॅपिटलमध्ये सही चालत नाही असं सांगितलं तरी शेवटच्या दिवशी कॅपिटलमध्येच करून आणतात. लाइट गेली परत. नंतर लिहिते.

सह्याद्रीपार
मॉग्रिफाय (इमेजमॅजिकची बॅच करणारी कमांड) वापरणाऱ्यांनी आधी -path देऊन नवे फोटो कुठल्या फोल्डरला ठेवायचे ते सांगा. ते मूळ फाइलवरच लिहितं. एवढंच.

जर्सीतली_नाशिककर
बाबांना नातवाचे फोटो पाठवले तर "उघडत नाही" म्हणून फोन. आयफोन 2017 पासून एचईआयसी नावाच्या नव्या फोटो-फॉरमॅटमध्ये सेव्ह करतो, बाबांचा विंडोज जुना. आता दर रविवारी जेपीजीची बॅच लावून पाठवते. तरी परवा फोन, "सगळे उघडले, पण एवढे कशाला गं?"

फॉर्मवाली_मावशी
@नाशिककर बाबा गोड आहेत गं तुझे. लाइट आली.

कृष्णाकाठ
कराडला कुठला स्टुडिओ? स्टँडजवळचा का? आणि गाड्यावरचा चहा सोडा, प्रीतिसंगमावर भेळ खायला जायचा की नाही?

घाटावरचा फोटोवाला
@कृष्णाकाठ नाव नको, मालकांचा मुलगा वाचत असेल. भेळ म्हणजे काय, मोठी बॅच असली की भेळच.

दोन_कॅमेरे
कुणी कॅमेऱ्याच्या घड्याळाबद्दल बोललंच नाही. दोन फोटोग्राफर, एकाचं घड्याळ तासभर पुढे. वेळेनुसार लावलं की मंगलाष्टकं एकात एक मिसळतात, अक्षता पडल्यावर अंतरपाट धरलेला दिसतो. लाइटरूममध्ये (ॲडोबीचं फोटोंचं सॉफ्टवेअर) त्या एका कॅमेऱ्याचे सगळे फोटो सिलेक्ट करा, एडिट कॅप्चर टाइम, एकदम सरकतात. हे रिनेमच्या आधी करा.

ठेचा_भाकरी
@दोन_कॅमेरे आणि व्हॉट्सॲपवरून आलेले?

दोन_कॅमेरे
त्यात काढल्याची वेळच उरत नाही. डॉक्युमेंट म्हणून मागवा.

ठेचा_भाकरी
मामांना डॉक्युमेंट म्हणजे काय ते सांगायला तुम्ही येता का?