शनिवारी रात्री जनरेटर का उठला नाही
(सोसायटी ग्रुप, टिळकवाडी, बेळगाव)

शनिवार

बी-३०४ वहिनी (रात्री ११:०८): करंट गेला ओ. जनरेटर का लागेना? आज्जींचं ऑक्सिजनचं मशीन इन्व्हर्टरवर चाललंय.

ए-१०२ सेक्रेटरी काका: वॉचमनला सांगितलंय वहिनी, बघतोय तो.

सी-२०१: लिफ्टमध्ये कोण अडकलं नाही ना?

ए-१०२ सेक्रेटरी काका: नाही, दोन्ही लिफ्ट खाली आहेत. जनरेटर नुसता टक्-टक् करतोय, सुरू होत नाही.

बी-३०४ वहिनी (११:३१): इन्व्हर्टर आत्ताच बीप करायला लागला. अजून अर्धा तास पण झाला नाही.

सी-३०२: माझ्या दुकानाचा छोटा पेट्रोल जनरेटर आहे. आणतो. तुमच्या हॉलच्या सॉकेटला दोन्हीकडं पिन असलेली वायर लावली की सगळं घर चालू होईल.

ए-४०१ मामा: नको, तसं अजिबात करू नका. तो करंट मीटरमधनं उलटा बाहेर जातो आणि ट्रान्सफॉर्मरमधनं चढून वरच्या लाईनवर हजारो व्होल्ट होतो. पलीकडं खांबावर लाईनमन चढलेला असेल तर जीव जाईल त्याचा. जनरेटर आणा, पण गेटजवळ उघड्यावर ठेवा. गॅलरीत नको, जिन्यात नको, धुरातल्या विषारी वायूला वास नसतो. लांब एक्स्टेन्शन वर सोडा आणि फक्त आज्जींचं मशीन त्यावर घ्या.

सी-३०२: बरं मामा. निघालोच.

सी-१०४ सिस्टर: वहिनी, मी वर येतेय. ऑक्सिमीटर घेऊन येते. आज्जींना उशा लावून बसतं करा, पडून ठेवू नका.

बी-३०४ वहिनी (रात्री १२:०४): मशीन चालू झालं. आज्जींचा ऑक्सिजन ८६ वर आला होता, आता ९३. सिस्टर शेजारी बसल्यात. दादांनी पावसात भिजत जनरेटर आणला. काय बोलू कळत नाही.

रविवार

ए-१०२ सेक्रेटरी काका (सकाळी ९:२०): हेस्कॉमचं (वीज कंपनीचं) काम पहाटे चारला झालं. खानापूर रोडकडं फांदी पडली होती ११ केव्हीच्या लाईनवर. मॅकॅनिक साडेदहाला येतोय.

बी-१०३ काका: हेस्कॉमवाल्यांना झाडं तोडायला सांगा की आधी. आणि एवढ्यासाठी जनरेटरवर खर्च कशाला? हल्ली करंट जातो तरी किती?

ए-४०१ मामा: काका, फांद्यांचा अर्ज देऊ या, मीच लिहितो. पण मोठी ग्रिड, म्हणजे देशभरच्या विजेच्या लाईनींचं जाळं, चांगली आहे म्हणून आपण निश्चिंत राहायचं नाही. २०१२ च्या जुलैत उत्तर आणि पूर्व भारत अंधारात गेला तेव्हा आपल्याकडं दिवे होते, कारण दक्षिणेची ग्रिड वेगळी होती. २०१३ च्या डिसेंबरअखेर रायचूर-सोलापूर लाईननं ती जोडली गेली. त्याचा फायदा खूप आहे. पण आपला करंट ग्रिडमुळं जातच नाही, तो जातो कोपऱ्यावरच्या फांदीमुळं. मिरग लागला की दरवर्षी हेच.

ए-४०१ मामा (११:१५): मॅकॅनिकबरोबर मी खाली होतो. कारण सापडलं. जनरेटरची बॅटरी ११.२ व्होल्ट दाखवतेय, भरलेली असती तर १२.६ च्या वर असती. तिला कायम चार्ज ठेवणारा चार्जर भिंतीवर आहे, त्याची पिन काढलेली होती. मागच्या महिन्यात पेंटिंग झालं तेव्हा तिथं दिवा लावला असणार आणि नंतर पिन कुणी बसवलीच नाही. चाळीस केव्हीएचं इंजिन ठणठणीत आहे. पिनमुळं गेली ती रात्र.

सी-२०१: पण वॉचमन दर सोमवारी पाच मिनिटं चालू करतो की.

ए-४०१ मामा: मागचे काही सोमवार झालंच नाही, वहीत सह्या नाहीत. आणि पाच मिनिटं रिकामं चालवून कळत काहीच नाही. उद्यमबागेतल्या कारखान्यांत तीस वर्षं मेंटेनन्स केलं मी. फाउंड्रीत भट्टी भरलेली असताना करंट गेला तर धातू आतच गोठतो, म्हणून तिथं जनरेटरला आम्ही पोरासारखं सांभाळायचो. डिझेल इंजिन लोडशिवाय फिरवलं की तापत नाही. डिझेल पुरतं जळत नाही आणि सायलेन्सरमधनं काळं तेलकट गळायला लागतं. आपल्या पाईपखाली बघा, काळा डाग आहे भिंतीवर. महिन्यातनं एकदा निदान अर्धा तास, क्षमतेच्या ३० टक्क्यांच्या वर लोड देऊन चालवायला पाहिजे. म्हणजे दोन्ही लिफ्ट, पाण्याचा पंप, जिन्यातले दिवे सगळं एकदम त्यावर.

सी-१०४ सिस्टर: आमच्या हॉस्पिटलात महिन्यातनं एकदा मेन मुद्दाम पाडतात, म्हणजे बाहेरनं येणारा करंट बंद करतात. व्हेंटिलेटरला आत बॅटरी असते, बाकीचं यूपीएसवर, आणि दहा सेकंदांत जनरेटरनं लोड घ्यायचा असतो. घड्याळ लावून बघतात. लसींचा फ्रिज २ ते ८ डिग्रीत राहिला का तेही लिहून ठेवतात. सुरुवातीला मला भीती वाटायची, आता वाटते ती न पाडलेल्या महिन्याची.

बी-१०३ काका: मेन पाडून जनरेटर लागलाच नाही तर?

ए-४०१ मामा: तर दिवसा, सगळे जागे असताना कळेल काका. परत मेन वर केला की झालं.

सी-२०१: बेसमेंटचं काय? २०१९ च्या पावसात गुडघाभर पाणी होतं तिथं.

ए-४०१ मामा: तेच सांगणार होतो. जनरेटर आपला वर कट्ट्यावर आहे, पण डिझेलचा बॅरल आणि चेंजओव्हरचं पॅनेल (लाईनवरनं जनरेटरवर करंट फिरवणारं) अजून बेसमेंटमध्येच आहे. २०१२ मध्ये न्यूयॉर्कला सँडी वादळ आलं तेव्हा बेलव्ह्यू हॉस्पिटलचे जनरेटर तेराव्या मजल्यावर होते, बुडाले नाहीत. पण डिझेल वर ढकलणारे पंप तळघरात होते, ते बुडाले. माणसांनी रांग लावून हातांनी तेरा मजले डिझेल चढवलं. फुकुशिमालाही २०११ मध्ये भूकंपानंतर जनरेटर सुरू झाले होते, बंद पडले ते त्सुनामीचं पाणी शिरल्यावर. जनरेटर उंचावर आणि त्याचं पॅनेल पाण्यात, याला अर्थ नाही. पॅनेल वर घेणं हे या वर्षीचं पहिलं काम धरा.

ए-१०२ सेक्रेटरी काका: डिझेल किती ठेवायचं?

ए-४०१ मामा: अर्ध्या लोडला तासाला पाच-सहा लिटर लागेल. एका रात्रीचं ठेवा, शंभर लिटर पुरे. जास्त साठवून ते जुनं होतं, पावसाळ्यात बॅरलमध्ये दव धरतं, तळाला पाणी साचतं, मग बुळबुळीत घाण होऊन फिल्टर चोंदतो. महिन्याच्या टेस्टला जुनं वापरायचं, नवं भरायचं.

बी-३०४ वहिनी: आणि आमचा इन्व्हर्टर एवढ्यात कसा संपला मामा? १५० एएचची बॅटरी आहे.

ए-४०१ मामा: किती वर्षांची?

बी-३०४ वहिनी: सहा झाली असतील.

ए-४०१ मामा: संपली ती, वहिनी. कागदावर १५० एएच गुणिले १२ व्होल्ट म्हणजे १८०० वॅट-तास. नवी असती तरी हाताला हजार-अकराशे लागले असते. मशीनला साडेतीनशे वॅट धरले तर तीन तास. सहा वर्षांच्या बॅटरीकडनं अर्ध्या तासाच्या वर काय मागायचं? त्यात टीव्ही आणि दोन पंखे पण त्याच्यावरच असणार.

बी-३०४ वहिनी: होते ओ. फ्रिजसुद्धा.

सी-१०४ सिस्टर: नवी बॅटरी घ्याच, पण खरा आधार ऑक्सिजन सिलिंडरचा. त्याला करंट लागतच नाही. छोट्या बी टाईपमध्ये दीड हजार लिटर असतो. आज्जींना मिनिटाला दोन लिटर चालतो, म्हणजे बारा तास. ऑक्सिजन किती सोडायचा ते दाखवणारा फ्लोमीटर आधीच बसवून ठेवा, अंधारात पाना शोधत बसायला नको. आणि देवघरातला दिवा त्या खोलीत लावू नका, ऑक्सिजनजवळ जाळ नको.

ए-१०२ सेक्रेटरी काका: मग असं ठरवतो. चार्जरची पिन कायमची वायरिंगमध्ये घेऊ, सॉकेटच नको तिथं. बॅटरी आजच नवी. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ११ वाजता मेन पाडायचा, अर्धा तास. वेळ आणि व्होल्टेज वहीत लिहायचं, खाली कमिटीतल्या एकाची सही.

सी-२०१: चालू करायच्या पायऱ्या लिहून पॅनेलवर चिकटवा. कन्नडमध्ये पण. आपला रात्रीचा वॉचमन बैलहोंगलचा आहे, मराठी बोलतो पण वाचत नाही. काल बिचारा बटणंच दाबत बसला होता.

ए-१०२ सेक्रेटरी काका: हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. तू लिहून दे, मी लॅमिनेट करून आणतो.

बी-१०३ काका: पॅनेलच्या खर्चाला माझी हरकत नाही. माझ्या वाट्याचे आजच देतो.

सी-३०२: वहिनी, ते एक्स्टेन्शन तुमच्याकडंच राहू दे पावसाळा संपेपर्यंत.

सोमवार

बी-३०४ वहिनी (संध्याकाळी ६:४०): सिलिंडर आला. आज्जींच्या पलंगाजवळ भिंतीला साखळीनं बांधलाय. नॉब कसा फिरवायचा ते सिस्टरनी दाखवलं. मग मी आणि धाकटीनं दिवे बंद करून दोनदा करून बघितलं. दुसऱ्या वेळी नळी आज्जींच्या नाकाला लागेपर्यंत एक मिनिट पण लागलं नाही.