इगतपुरीकडच्या आम्लधर्मी जमिनीत बायोचार चालेल का?

घोटीकर: भाताचं रान आहे, माती परीक्षणात पीएच ५.४ आलाय, म्हणजे जमीन आम्ल (७ च्या खाली आम्ल, वर अल्क). इतक्या पावसात कॅल्शियम सगळं धुवून जातं म्हणतात. भाताच्या तुसाचा बायोचार (कमी हवेत भाजून केलेला कोळसा) टाकला तर फरक पडेल का, आणि किती टाकायचा?

रानवाट: पडतो दादा. त्यातल्या राखेतलं कॅल्शियम, पोटॅश आम्लता कमी करतं आणि कोळशाच्या बारीक छिद्रांत पाणी, खत धरून राहतं, पण तूस आपण रोपं टाकायच्या जागेवर राब भाजतो तसं उघड्यावर जाळलं की नुसती राखच उरते, हवा कमी ठेवून कोळसा करायचा आणि लगेच पाणी मारून विझवायचा. कोरडा तर अजिबात टाकू नका, आधी शेणखतात नाहीतर जीवामृतात (शेण, गोमूत्र, गूळ आंबवून केलेलं द्रावण) दोन-तीन आठवडे मुरवा, नाहीतर सुरुवातीला पिकाचा नत्र तोच धरून बसतो.

निफाडकर: आमच्या काळ्या जमिनीत पीएच ८ च्या पुढं, तरी लोक द्राक्षाच्या काड्यांचा बायोचार न तपासता टाकतात, जीव तुटतो बघून. तो बहुतेक वेळा अल्कधर्मीच असतो हो! तुमच्याकडे मात्र उपयोगी.

रानवाट: प्रमाणाचं राहिलं, आधी एका गुंठ्यात १०० किलो टाका, म्हणजे हेक्टरी साधारण १० टन. आम्लता कमी करायला चुना टाकत असाल तर तो लगेच बंद करू नका, पुढच्या माती परीक्षणात पीएच बघून ठरवा.