मदत हवी आहे : मैदानाचे आरक्षण कायम, पण जागा कचऱ्याच्या ठेकेदाराकडे, हरकत कशावर आणि कोणाकडे घ्यावी?

नमस्कार. दक्षिण महाराष्ट्रातील एका ‘ब’ वर्ग नगरपरिषदेच्या हद्दीत, आमच्या सोसायटीच्या भिंतीला लागून सुमारे चाळीस गुंठ्यांचा एक भूखंड आहे. मंजूर विकास योजनेत त्यावर ‘खेळाचे मैदान’ असे आरक्षण आहे, जागा पूर्वीच संपादित झालेली आहे आणि मिळकत पत्रिकेवर नगरपरिषदेचेच नाव आहे. त्यामुळे ‘दहा वर्षांत संपादन झाले नाही, म्हणून नगररचना अधिनियमाच्या कलम १२७ खाली आरक्षण व्यपगत (रद्दबातल) झाले’ हा आपल्याकडचा नेहमीचा घोळ येथे नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण आमच्याच सोसायटीच्या बैठकीत त्यावर पाऊण तास गेला.

शहरातील घनकचरा संकलनाचा ठेका प्रशासकांच्या काळात तीन वर्षांसाठी दिला गेला होता. डिसेंबर २०२५ च्या निवडणुकीनंतर सभागृह पुन्हा अस्तित्वात आले तेव्हा ठेक्याची मुदत संपत आली होती आणि नवी निविदा निघालेली नव्हती. गेल्या महिन्याच्या सर्वसाधारण सभेत ‘ऐनवेळचे विषय’ या सदराखाली या ठेक्यास ‘त्याच अटी व शर्तींवर’ एक वर्षाची मुदतवाढ सर्वानुमते मंजूर झाली. येथपर्यंत माझी तक्रार नाही. घंटागाड्या चार दिवस बंद राहिल्या की गल्लीची काय अवस्था होते, ते आम्ही एका पावसाळ्यात भोगले आहे.

अडचण आहे ती ठरावाच्या अखेरच्या वाक्यात. ठेकेदारास वाहने उभी करण्यासाठी व कचऱ्याच्या दुय्यम संकलनासाठी सदर भूखंड ‘तात्पुरत्या स्वरूपात, अकरा महिन्यांकरिता, विनामूल्य’ वापरण्यास परवानगी देण्यात येत आहे, असे त्यात म्हटले आहे. आरक्षण बदलण्याचा, वापर बदलण्याचा किंवा जागा भाडेपट्ट्याने देण्याचा उल्लेख संपूर्ण ठरावात कोठेही नाही. मुदतवाढ बारा महिन्यांची आणि जागा अकरा महिन्यांची असल्यामुळे बाराव्या महिन्यात गाड्या कोठे उभ्या राहणार, हा प्रश्न सूचक-अनुमोदकांना पडलेला दिसत नाही.

प्रत्यक्ष जागेवर मात्र तात्पुरते असे काही दिसत नाही. मुले जेथे कबड्डीचे मैदान आखत असत, त्या कोपऱ्यात जेसीबीने खड्डा घेतला असून तो वजनकाट्यासाठी आहे, असे मुकादमाने सांगितले. परवा सकाळी पाहिले तेव्हा खड्ड्यात सळईची जाळी बांधून झाली होती, शेजारी खडीचा ढीग होता आणि मुलांनी रोवलेला व्हॉलीबॉलचा एक खांब त्या ढिगातून अर्धा वर आलेला होता. अकरा महिन्यांसाठी कोणी आरसीसीचा पाया घालत नाही.

माहिती अधिकारात मूळ निविदेची प्रत मिळाली, त्यातील एका अटीकडे मी विशेष लक्ष वेधू इच्छिते. वाहनतळासाठी लागणाऱ्या जागेची व्यवस्था ठेकेदाराने स्वखर्चाने करावयाची आहे, असे तेथे स्पष्ट लिहिलेले आहे. म्हणजे ज्या अन्य निविदाधारकांनी जागेचे भाडे धरून आपले दर भरले असतील आणि त्यामुळे जे मागे पडले असतील, त्यांच्या दृष्टीने ही मुदतवाढ ‘त्याच अटींवर’ झाली असे म्हणता येईल का?

माझ्या शंका अशा. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ नुसार विकास योजनेत फेरबदल करावयाचा असेल तर राजपत्रात सूचना प्रसिद्ध करून हरकतींसाठी एक महिना द्यावा लागतो, हे मी वाचले आहे. परंतु अशी सूचनाच निघाली नसेल तर हरकत कशावर घ्यावयाची? आणि जमिनीचा व ठेक्याचा विषय एकाच अर्जात मांडावा की स्वतंत्रपणे? मुख्याधिकाऱ्यांकडे दिलेल्या अर्जाची केवळ पोच मिळाली आहे.

प्रतिसाद १

ताई, मी नगरपरिषदेच्या सेवेतून निवृत्त झालो आहे, त्यामुळे ‘ऐनवेळचे विषय’ हे सदर मला चांगले परिचित आहे. ज्यावर चर्चा नको असते, तो विषय तेथे येतो.

सूचना निघाली नाही, हीच आपली हरकत आहे. अधिनियमाच्या कलम २(७) मधील ‘विकास’ या संज्ञेत केवळ बांधकाम येत नाही, तर जमिनीच्या वापरातील महत्त्वाचा बदलही येतो. तो ठरावात लिहिला नाही म्हणून होत नाही असे नाही. फेरबदल हवा असेल तर सूचना, हरकती, सुनावणी आणि शेवटी शासनाची मंजुरी, हा रस्ता आहे. नगरपरिषदेला तो स्वतःच्या अधिकारात तोडता येत नाही. बंगळुरूमध्ये उद्यानासाठी राखलेली जागा खाजगी शुश्रूषागृहाला देण्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये बेकायदा ठरवला होता. तेथे कायदा वेगळा होता, परंतु मोकळ्या जागेवर शेजारच्या रहिवाशांना दाद मागता येते, हे त्या निकालाने पक्के झाले.

दुसरी गोष्ट, नगरपरिषद अधिनियम, १९६५ चे कलम ९२ पाहावे. नगरपरिषदेची स्थावर मिळकत हस्तांतरित करण्यास शासनाची मंजुरी लागते. तीन वर्षांपर्यंतच्या भाडेपट्ट्याला सूट आहे, पण पट्टेदाराला कायमस्वरूपी बांधकाम करता येत नाही. ‘आम्ही भाडेपट्टा दिलाच नाही, केवळ परवानगी दिली’ असे उत्तर येईल, आणि तेव्हा सळईच्या जाळीचे छायाचित्र उपयोगी पडेल. काँक्रीट ओतले गेल्यावर काढलेल्या छायाचित्राला तेवढी किंमत राहत नाही, म्हणून आजच काढावे, तारखेसह.

दोन्ही विषय एकाच अर्जात घालू नयेत. एकत्र अर्ज आला की बांधकाम विभाग तो आरोग्य विभागाकडे पाठवतो आणि आरोग्य विभाग परत बांधकामाकडे. मी स्वतः असे अर्ज फिरताना पाहिले आहेत. जमिनीच्या वापराबाबतचा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे नगरपरिषद अधिनियमाच्या कलम ३०८ खाली द्यावा. ठराव बेकायदा असेल किंवा लोकहिताविरुद्ध असेल तर त्याची अंमलबजावणी निलंबित करण्याचा अधिकार त्यांना आहे, आणि अर्जात नेमके ‘निलंबित करावी’ हेच शब्द मागणी म्हणून लिहावेत. त्याची प्रत नगररचना विभागाच्या जिल्हा कार्यालयास द्यावी. निविदेच्या अटीचा मुद्दा स्थानिक निधी लेखापरीक्षेकडे लेखी कळवावा. विनामूल्य दिलेल्या जागेचे भाडे हे नगरपरिषदेचे बुडालेले उत्पन्न आहे, आणि लेखाआक्षेपाचा धाक तक्रारअर्जाहून मोठा असतो.

प्रतिसाद २

वरील प्रतिसादाशी सहमत आहे; एकच भर घालते. माहिती अधिकाराच्या नव्या अर्जाचे उत्तर येण्यास तीस दिवस जातील आणि तोवर वजनकाटा उभा राहील. राज्य शासनाच्या २०१८ च्या परिपत्रकानुसार स्थानिक स्वराज्य संस्थांच्या कार्यालयांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहता येतात. सभेची विषयपत्रिका, ऐनवेळी आलेली कार्यालयीन टिप्पणी आणि त्यावरील सह्या त्या वेळी पाहून घ्याव्यात. मुख्याधिकाऱ्यांनी विरोधी शेरा मारलेला असेल तर आपले अर्धे काम झाले. न्यायालयात जावेच लागले, तर ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झाले आहे. आपला जिल्हा त्याच्या कार्यक्षेत्रातील सहा जिल्ह्यांपैकी असल्यास मुंबईच्या खेपा तरी वाचतील.

धागाकर्तीचे उत्तर

दोघांचेही मनःपूर्वक आभार. छायाचित्रे कालच काढली; त्यांत खांब आणि जाळी दोन्ही येतात. सोमवारी अभिलेख पाहण्यास मी आणि सोसायटीचे सचिव जाणार आहोत.

एक शंका उरते. सोसायटीतील काही सदस्यांचे म्हणणे आहे की, अर्ज सोसायटीच्या नावाने दिला तर ‘यांना केवळ आपल्या खिडकीखालची दुर्गंधी नको आहे’ असे म्हणून तो बाजूला सारला जाईल. पलीकडच्या वस्तीतील मुले याच मैदानावर खेळतात आणि त्यांचे पालक सही करण्यास तयार आहेत, मात्र त्यांपैकी बऱ्याच जणांची घरे अद्याप नगरपरिषदेच्या कर आकारणी नोंदवहीत नाहीत. कलम ३०८ खालील अर्जावर त्यांच्या सह्या घेतल्यास ‘हे रहिवासीच नव्हेत’ असा आक्षेप येऊ शकेल का, की अशा अर्जास मतदार यादीतील नाव पुरेसे धरले जाते? मंगळवारी अर्ज दाखल करण्याचा विचार आहे. त्यापूर्वी कोणी मार्गदर्शन केल्यास उपकृत होईन.